दिल्ली ते टोकियो : अंतर एक, वेळा दोन

संघाच्या स्मरणिकेसाठी आम्ही आजवर जे चार शब्द लिहिले, ते तूर, हरभरा, ज्वारी यांच्या आवकजावकीसंबंधी लिहिले. यंदाचा विषय पाहून वाचकांस नवल वाटेल. ठोक धान्याच्या व्यापाऱ्याने विमानाच्या वेळापत्रकात डोके का घालावे, असे कोणी विचारले तर ते वावगे नव्हे. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. विज्ञानाचा अधिकार आम्ही सांगत नाही. परंतु आज आपल्या सभासदांच्या घरोघरी एखादा मुलगा, मुलगी, जावई वा नातू परदेशी असतो, आणि तो घरी किती वेळात पोचेल याचा हिशेब कधी तरी मांडावा लागतो. तो हिशेब आम्ही एकदा मांडला आणि चुकलो. व्यापारात चूक झाली तर पैसे जातात, ते पुन्हा मिळतात. आमच्या या चुकीने जे गेले ते परत मिळणारे नव्हते. म्हणून नंतर आम्ही हा विषय चिकाटीने समजून घेतला. जे समजले ते सभासद बंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

घडले ते असे

२०२४ च्या जानेवारीत, पौष महिन्यातील एका पहाटे चार वाजता आमचे थोरले बंधू अण्णा निवर्तले. त्यांचा एकुलता एक मुलगा टोकियो येथे एका यंत्रांच्या कारखान्यात इंजिनियर आहे. साडेचारला त्यास फोन गेला, तेव्हा तेथे सकाळचे आठ वाजले होते. तासाभराने त्याचा उलट फोन आला. संध्याकाळी सव्वापाचच्या विमानाचे दिल्लीपर्यंतचे तिकीट मिळाले आहे, असे तो म्हणाला. तो आणखी काही सांगणार होता, पण घरात रडारड चाललेली, माणसे येऊ लागलेली, त्यात आम्ही त्यास मध्येच तोडले आणि म्हणालो, "ठाऊक आहे रे, किती वेळ लागतो ते. तू नीघ."

आम्हांस ठाऊक आहे असे आम्हांस खरोखरीच वाटत होते, कारण २०१९ च्या मार्चमध्ये आम्ही आणि अण्णा त्याच्याकडे जाऊन आलो होतो. जाताना दिल्लीहून रात्री आठला निघालो आणि टोकियोस सकाळी सव्वासातला उतरलो. येताना तेथून सकाळी अकराला निघालो आणि दिल्लीस सायंकाळी सव्वापाचला पोचलो. जाताना सव्वाअकरा तास आणि येताना अवघे सव्वासहा तास, अशी खूणगाठ आमच्या मनात पक्की बसली होती.

त्या पहाटे आम्ही हिशेब केला तो असा. टोकियोचे सव्वापाच म्हणजे आपले पावणेदोन. त्यात सव्वासहा तास मिळविले की रात्री आठ वाजता दिल्ली. रात्री अकराला दिल्लीहून गोव्याचे एक विमान होते. ते मिळाले की उत्तररात्री गोवा, आणि तेथून चोर्ल्याच्या घाटाने साडेतीन तासांत बेळगाव. म्हणजे सूर्योदयापूर्वी मुलगा दारात. आमची एक पुतणी इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षात आहे. तिने आमचा आकडा ऐकून मान हलविली. ती म्हणाली, "काका, तसं नाही होत. जाताना खरे पावणेआठ तास लागतात. तेवढेच येताना धरा. म्हणजे साडेनऊला दिल्ली." साडेनऊ धरले तरी अकराच्या विमानाची आशा होतीच.

आपल्या समाजात देह रात्रभर न ठेवण्याचा दंडक आहे, आणि त्यामागची जीवदयेची दृष्टी या वाचकांस सांगणे नको. वडीलधारी मंडळी दुपारपर्यंत सर्व आटोपावे या मताची होती. वहिनींना विचारले, तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही सांगाल तसं." निर्णय आमच्यावर आला. आम्ही दंडक मोडला आणि सूर्योदयापर्यंत थांबावयाचे ठरविले.

विमान दिल्लीस उतरले ते रात्री पावणेबारा वाजता. अकराचे विमान निघून गेले होते. त्यानंतरचे विमान सकाळी सहाचे. आता दुपारपर्यंत थांबा असे म्हणण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही. सूर्योदयानंतर मुलाच्या जागी आम्ही अग्नी दिला. तो पोचला दुपारी साडेबारा वाजता, आणि थेट स्मशानातच गेला. देह रात्रभर ठेवून आम्ही रीत मोडली, आणि ज्याच्यासाठी मोडली त्याला बापाचे मुख दिसले नाही.

आम्ही आठ म्हटले, पुतणीने साडेनऊ म्हटले, प्रत्यक्षात पावणेबारा झाले. दोन्ही आकडे कशाने चुकले, हे आता क्रमाने पाहू.

अंतर किती, आणि ते मोजावे कसे

दिल्ली आणि टोकियो यांमधील सरळ अंतर सुमारे ५,९०० किलोमीटर आहे. टोकियोस हानेदा आणि नारिता असे दोन विमानतळ आहेत. हानेदा शहरालगत, तर नारिता शहरापासून साठ-एक किलोमीटर पूर्वेस. त्यामुळे या आकड्यात पन्नास किलोमीटरांचा फरक पडतो, अधिक नाही.

परंतु हे सरळ अंतर भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून मिळत नाही. नकाशा सपाट आहे आणि पृथ्वी गोल. ज्यांच्या घरी मुलांचा पृथ्वीचा गोल असेल त्यांनी एक दोरा घेऊन त्याचे एक टोक दिल्लीवर व दुसरे टोकियोवर ताणून धरावे. दोरा पूर्वेस सरळ न जाता ईशान्येकडे चढतो, हिमालय आणि तिबेट ओलांडतो, उत्तर चीनवरून जातो आणि टोकियोच्याही थोडे उत्तरेस पोचून मग खाली उतरतो. हाच सर्वांत जवळचा मार्ग. नकाशावर तो वाकडा दिसतो, गोलावर तोच सरळ असतो.

मात्र विमाने सामान्यतः या दोऱ्यावरून जात नाहीत. तिबेटचे पठार सरासरी साडेचार हजार मीटर उंच आहे. विमान दहा-बारा किलोमीटर उंचीवरून जाते, तेथील हवा इतकी विरळ की आतील हवेचा दाब यंत्राने राखावा लागतो. काही बिघाड होऊन तो दाब गेला, तर वैमानिकास विमान त्वरेने सुमारे तीन हजार मीटरांपर्यंत खाली आणावे लागते, म्हणजे उतारूंना श्वास घेता येतो. तिबेटवर खाली येण्यास जागाच नाही, कारण तेथील जमीनच त्याहून उंच. म्हणून विमाने दक्षिणेकडून वळसा घेतात. गंगेच्या मैदानावरून ईशान्य भारत, ब्रह्मदेश, दक्षिण चीन असे करीत ती जपानकडे वळतात. या वळशाने अंतर काही शे किलोमीटरांनी वाढते. पुढील हिशेबापुरते आपण ते ६,३०० किलोमीटर धरू.

एकेकाळी हेच अंतर आठवड्यांत मोजले जाई. स्वामी विवेकानंद ३१ मे १८९३ रोजी मुंबईहून बोटीने निघाले. कोलंबो, सिंगापूर, हाँगकाँग, नागासाकी, कोबे, योकोहामा असे करीत, वाटेत मुक्काम घेत, ते २५ जुलै रोजी कॅनडातील व्हँकुव्हरला पोचले. त्याच वर्षी जमशेटजी टाटांनी निप्पॉन यूसेन कैशा या जपानी कंपनीशी हातमिळवणी करून मुंबईचा कापूस जपानला नेण्यासाठी स्वतंत्र बोटींची ये-जा सुरू केली, आणि पी. अँड ओ. या बलाढ्य इंग्रजी कंपनीच्या भाड्याच्या मक्तेदारीस आव्हान दिले. आपल्या व्यापारी वाचकांनी हे स्मरणात ठेवावे, की जपानची वाट आपल्याकडे प्रथम कापसाच्या गासड्यांनी रुळविली. पुढे १९५५ साली एअर इंडिया इंटरनॅशनलने बँकॉक, हाँगकाँगमार्गे टोकियोची सेवा सुरू केली. ती पंख्यांची विमाने ताशी पाचशे किलोमीटरांच्या आसपास चालत. आजचे जेट विमान ताशी सुमारे नऊशे किलोमीटर चालते. ६,३०० भागिले ९००, म्हणजे सात तास. अधिक धावपट्टीवरची वाटचाल, वर चढणे व खाली उतरणे यांचा तास-पाऊण तास. येथवर हिशेब सोपा आहे, आणि येथेच बहुतेक माणसे थांबतात.

पहिली चूक : घड्याळाची

पृथ्वी चोवीस तासांत स्वतःभोवती ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश आणि चार मिनिटांस एक अंश. आपली भारतीय प्रमाणवेळ ८२॥ अंश पूर्व रेखांशावरून धरली आहे, जपानची १३५ अंशांवरून. मधले अंतर ५२॥ अंश. त्यास चारने गुणले की २१० मिनिटे, म्हणजे साडेतीन तास. जपानचे घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास आहे ते यामुळे.

आता आमची २०१९ ची यात्रा पुन्हा पाहा. दिल्लीहून रात्री आठला निघून टोकियोस सकाळी सव्वासात. घड्याळे सव्वाअकरा तास दाखवितात. परंतु निघण्याची वेळ दिल्लीची आणि पोचण्याची टोकियोची. त्यातून साडेतीन वजा करा, खरा प्रवास पावणेआठ तासांचा. परत येताना सकाळी अकरा ते सायंकाळी सव्वापाच, घड्याळांनी सव्वासहा तास. त्यात साडेतीन मिळवा, खरा प्रवास पावणेदहा तासांचा. जो प्रवास आम्हांस लहान वाटला तोच मोठा होता. पश्चिमेस जाणारे विमान सूर्याच्या मागोमाग धावते, म्हणून दिवस लांबतो आणि घड्याळाचे काटे मागे पडतात. आम्ही मनाशी सव्वासहाचा आकडा धरून बसलो.

त्या पहाटे आम्ही दुसरीही चूक त्यावर रचली. टोकियोचे सव्वापाच बदलून आपले पावणेदोन केले, म्हणजे साडेतीन तास एकदा वजा केले. मग त्यात सव्वासहा तास मिळविले, ज्यातून तेच साडेतीन तास आधीच वजा झालेले होते. एकाच हुंडीवरचा वटाव दोनदा कापावा तसे हे झाले. चाळीस वर्षे पेढीवर बसून कोणाच्या हिशेबात आम्ही अशी चूक चालू दिली नसती. पण स्वतःच्या घरच्या हिशेबात ती आम्हांस दिसली नाही. दुःखात माणूस आकडे पाहतो ते आशेच्या बाजूने.

दुसरी चूक : वाऱ्याची

पुतणीचा हिशेब घड्याळापुरता अगदी बरोबर होता. तिने जाण्याचा खरा वेळ काढला, पावणेआठ तास. चूक एवढीच, की जाण्यास जितका वेळ तितकाच येण्यास, असे तिने गृहीत धरले. रस्त्याने वा आगगाडीने जाताना हे गृहीत चालते. हवेत चालत नाही.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. आमच्या एका स्नेह्यांनी सांगितले, की पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणून पूर्वेस जाणाऱ्या विमानापुढून टोकियो पळत असते आणि पश्चिमेस जाणाऱ्या विमानासमोर दिल्ली धावत येते. तसे असते तर आमचा अनुभव उलट यावयास हवा होता. पश्चिमेस येणारे विमान लवकर पोचले असते. शिवाय टोकियोच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे १,३५० किलोमीटर वेगाने फिरते. ती विमानाखालून निसटत असती तर ताशी नऊशेच्या विमानाने टोकियो कधीच गाठले नसते. खरी गोष्ट अशी, की पृथ्वीबरोबर तिची हवाही फिरते. धावत्या आगगाडीच्या डब्यातील माशी डब्याच्या मागच्या भिंतीवर जाऊन आपटत नाही, कारण डब्यातील हवा डब्याबरोबरच चाललेली असते.

फरक पडतो तो त्या हवेच्या स्वतःच्या वाहण्यामुळे. विषुववृत्ताकडील प्रदेश सूर्याने तापतो, उत्तरेकडील सैबेरिया गारठलेला असतो. उष्ण हवा फुगून वर जाते आणि उंचावरून उत्तरेकडे सरकू लागते. पृथ्वीच्या फिरण्यामुळे उत्तर गोलार्धात ती उजवीकडे वळते, म्हणजे पूर्वेकडे. अशा रीतीने दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा एक प्रचंड वायुप्रवाह तयार होतो, नदीसारखा अरुंद आणि वेगवान. यास जेट प्रवाह म्हणतात. उष्ण आणि थंड यांतील तफावत हिवाळ्यात सर्वांत जास्त, म्हणून प्रवाहाचा जोरही हिवाळ्यात सर्वांत जास्त. त्यातही पूर्व चीन आणि जपान यांच्यावर असे दोन प्रवाह एकमेकांस मिळतात. हिवाळ्यात जपानवर या वाऱ्याचा वेग कित्येकदा ताशी ३०० किलोमीटर ओलांडतो. पृथ्वीवरील सर्वांत जोरदार जेट प्रवाहांपैकी हा एक, आणि दिल्ली-टोकियो विमानाचा मार्ग त्याच्याच पात्रातून जातो.

हा वारा प्रथम मोजला तोही जपानातच. वासाबुरो ओइशी हे तेथील हवामान-शास्त्रज्ञ टोकियोजवळच्या तातेनो येथील वेधशाळेतून १९२३ पासून फुगे आकाशात सोडून त्यांचा वेग दुर्बिणीतून टिपीत. हिवाळ्यात फुगे विलक्षण वेगाने पूर्वेस जातात असे त्यांना आढळले. १९२६ साली त्यांनी तो शोध प्रसिद्ध केला, आणि साऱ्या जगाने वाचावा म्हणून एस्पेरान्तो या नव्याने रचलेल्या भाषेत लिहिला. ती भाषा जाणणारे जगात थोडेच. त्यामुळे बाहेर कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. नोव्हेंबर १९४४ मध्ये अमेरिकेची बी-२९ विमाने टोकियोवर उंचावरून बाँब टाकण्यास आली, तेव्हा त्यांना या वाऱ्याचा प्रत्यक्ष तडाखा बसला आणि नेम साधेना. उलट जपान्यांनी त्याच वाऱ्यावर नऊ हजारांहून अधिक बाँबवाहू कागदी फुगे अमेरिकेच्या दिशेने सोडले. ज्ञान होते, पण ज्यांना हवे त्यांच्या हाती नव्हते. आमच्या घरी त्या दिवशी तेच झाले, म्हणून हा इतिहास आम्हांस विशेष लागला.

आता वाऱ्याचा हिशेब मांडू. सर्व मार्गावर सरासरीने ताशी १२० किलोमीटरांचा वारा धरला, तर जाताना विमानाचा जमिनीवरचा वेग ९०० अधिक १२०, म्हणजे १,०२० होतो. ६,३०० किलोमीटरांस सुमारे ६ तास ११ मिनिटे लागतात. येताना ९०० वजा १२०, म्हणजे ७८०. तेच अंतर सुमारे ८ तास ५ मिनिटे घेते. फरक जवळजवळ दोन तासांचा. ऐन हिवाळ्यात वारा याहूनही जोराचा असतो. म्हणून वेळापत्रकात दिल्ली-टोकियोस साडेसात-आठ तास, तर टोकियो-दिल्लीस हिवाळ्यात साडेनऊ-दहा तास असतात. आमच्या पुतण्याच्या विमानास त्या दिवशी दहा तास लागले.

कोणी म्हणेल, जाताना वारा देतो आणि येताना घेतो, म्हणजे एकूण हिशेब बरोबरीत सुटतो. तोही सुटत नाही. वाऱ्याविना जाऊन-येऊन चौदा तास झाले असते; वाऱ्यासह वरच्या आकड्यांची बेरीज चौदा तास सोळा मिनिटे येते. शंभर रुपयांचा भाव शेकडा दहाने चढला तर एकशे दहा होतो, आणि मग शेकडा दहाने उतरला तर शंभर न होता नव्याण्णव होतो, हे आपण रोज पाहतो. येथेही तसेच. विमान अनुकूल वाऱ्यात थोडा वेळ असते आणि प्रतिकूल वाऱ्यात जास्त वेळ, म्हणून तोटा नफ्याहून मोठा.

धान्याच्या व्यापाऱ्यास हा वारा अगदी परका नाही, ही गोष्ट आम्हांस उशिरा कळली. हिवाळ्यात हाच पश्चिमी प्रवाह हिमालयाच्या दक्षिणेकडून वाहतो आणि पश्चिमेकडील विक्षोभ आपल्याबरोबर आणतो. त्यांचा पाऊस पंजाब-हरियाणाच्या गव्हास मिळतो. उन्हाळा सरता सरता हा प्रवाह हिमालयाच्या उत्तरेस सरकतो, आणि त्याच सुमारास आपल्याकडे मोसमी पाऊस स्थिरावतो. म्हणजे जो वारा पौषात टोकियोहून येणारे विमान अडवितो, तो बाजूस सरण्याकडे आपण ज्येष्ठात डोळे लावून बसतो. उन्हाळ्यात परतीचा प्रवासही तासाभराने कमी होतो, त्याचे कारण हेच.

ज्यांची मुले अन्यत्र आहेत त्यांच्यासाठी दोन शब्द. मुंबई-सिंगापूर सुमारे ३,९०० किलोमीटर, साडेपाच तासांच्या आसपास. सिंगापूर विषुववृत्ताजवळ असल्याने या वाऱ्याचा जोर तेथे थोडा, आणि जाण्यायेण्यात फरकही थोडा; घड्याळ मात्र अडीच तास पुढे. मुंबई-दुबई सुमारे १,९३० किलोमीटर, तीन-सवातीन तास. घड्याळ दीड तास मागे. दुबई आपल्या पश्चिमेस, म्हणून तेथून घरी येताना वारा साहाय्य करतो. थोडक्यात, माणूस पूर्वेस असेल तर घरी येण्यास वेळ जास्त लागेल, पश्चिमेस असेल तर कमी.

दारापासून दारापर्यंत

विमानाचे दहा तास हा पुतण्याच्या प्रवासाचा तिसरा हिस्साही नव्हता. निरोप मिळाल्यापासून विमान सुटेपर्यंत सव्वानऊ तास गेले. त्यांत तिकीट, कारखान्याची परवानगी, विमानतळावर दोन-तीन तास आधी हजर होणे हे सर्व आले. मग दहा तास आकाशात. मग दिल्लीत सहा तासांहून अधिक काळ दुसऱ्या विमानाची वाट. मग गोव्यापर्यंत पावणेतीन तास, आणि सामान घेऊन बाहेर पडून घाटाने घरी येण्यास चार तास. सारे मिळून बत्तीस तास. ५,९०० किलोमीटरांनी जितका वेळ खाल्ला त्याहून जास्त जोडण्यांनी खाल्ला. माल वखारीतून निघून गिऱ्हाइकाच्या दारी पोचेपर्यंतचा काळ आपण धरतो, नुसत्या आगगाडीचा काळ धरीत नाही. माणसाच्या बाबतीतही तोच नियम.

आता काय करावे

या अनुभवातून आम्ही घरापुरते काही नियम केले आहेत. ते येथे देतो.

एक, निघण्याची वेळ विचारू नये, उतरण्याची विचारावी. तिकिटावर ती छापलेली असते, आणि ती उतरण्याच्या गावच्या घड्याळाची असते. वारा, वळसा, घड्याळ या सर्वांचा हिशेब जाणत्यांनी आधीच करून ती लिहिलेली असते.

दोन, स्वतः हिशेब करावयाचाच झाला तर दोन्ही वेळा प्रथम एकाच घड्याळावर आणाव्या, आणि घड्याळाचा फरक एकदाच धरावा.

तीन, गेल्या वेळी जाण्यास किती लागले यावरून येण्याचा वेळ ठरवू नये. दिशा पाहावी, महिना पाहावा.

चार, उतरल्यापासून पुढची जोडणी कोणती आणि ती चुकली तर नंतरची केव्हा, हे मुलांनी शांत दिवसांत एका कागदावर लिहून घरी ठेवावे.

पाच, आणि हे सर्वांत अवघड, थांबावयाचे की नाही हे घरातील वडीलधाऱ्यांनी धडधाकट असताना सांगून ठेवावे. अण्णांना आम्ही कधी विचारले नाही. विचारले असते तर ते काय म्हणाले असते, याचा तर्क आम्ही आजही करीत असतो. असा तर्क करण्याची पाळी मागे राहणाऱ्यांवर आणू नये. आमची इच्छा आम्ही लिहून ठेवली आहे : कोणासाठीही थांबू नये.

संघाच्या कार्यकारी मंडळास आमची विनंती आहे, की सभासदांच्या पुढील यादीत परदेशी असलेल्या मुलांच्या गावांची नावे, तेथील घड्याळाचा फरक, आणि दारापासून दारापर्यंत लागणारा वेळ एवढे एक पान जोडावे. खर्च थोडा आहे. उपयोग पडू नये अशीच आपली सर्वांची इच्छा असेल. पण पडला तर मोठा पडेल.

तेराव्या दिवशी सर्व मंडळी पांगल्यावर पुतण्या आमच्याजवळ पेढीवर येऊन बसला. त्याने आम्हांस दोष दिला नाही. बराच वेळ गप्प राहून तो म्हणाला, "काका, फोनवर मी तेच सांगत होतो. पावणेबाराला उतरतंय, आज नाही पोचत मी, माझ्यासाठी थांबू नका, असं." ते वाक्य आम्ही मध्येच तोडले होते. साऱ्या हिशेबातली पहिली चूक ती होती.